ओटीपी कुणाला सांगायचा नाही

पतसंस्थेची नोकरी सोडून मी साक्षरतेचं काम करणाऱ्या एका लहानशा संस्थेत लागले, हे कळल्यावर साताऱ्यातल्या माझ्या माणसांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या सुरांत विचारला: "अजून कोण राहिलंय इथं अडाणी?" मामांच्या सुरात काळजी होती, कारण पगार निम्म्यावर आला होता. जाऊबाईंच्या सुरात गंमत होती. वडिलांना मात्र तो चक्क अपमान वाटला. ते कर्मवीरांच्या 'कमवा आणि शिका'तून शिकलेले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली, हे आमच्या घरात आरतीइतकं पाठ. त्या साताऱ्यात निरक्षर माणसं शोधत फिरायचं म्हणजे लेकीनं कर्मवीरांच्याच कामावर शंका घेतल्यासारखं झालं.

नकाशा वडिलांच्याच बाजूचा आहे, हेही खरं. सावित्रीबाई फुल्यांचं माहेर नायगाव खंडाळा तालुक्यात, जोतीरावांचं मूळ गाव कटगुण खटाव तालुक्यात. मराठी विश्वकोशाचं काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभं केलं ते वाईत. महाबळेश्वरच्या वाटेवरचं भिलार २०१७ पासून 'पुस्तकांचं गाव' झालंय. स्ट्रॉबेरी खायला गेलेले लोक तिथल्या घरांत मांडलेली पुस्तकं चाळून येतात. अशा जिल्ह्याची साक्षरता २०११ च्या जनगणनेत ८३ टक्क्यांच्या आसपास भरली. ऐकायला झकास वाटतं. उरलेले सतरा टक्के म्हणजे मात्र चार लाखांहून जास्त माणसं होतात, आणि त्यांत भरणा बायकांचा. पुढची जनगणना २०२१ मध्ये व्हायची ती तेव्हा झालीच नाही, त्यामुळे आम्ही सगळे अजून तोच आकडा उगाळतोय.

तो आकडा येतो कसा, हे या नोकरीत आल्यावर मी नीट वाचलं. सात किंवा त्याहून जास्त वयाचा जो माणूस कुठल्याही एका भाषेत समजून वाचू-लिहू शकतो तो साक्षर, अशी जनगणनेची व्याख्या. पण प्रगणक काही कुणापुढे पुस्तक धरत नाही. तो विचारतो आणि घरातलं कुणीतरी सांगतं. बायकोला वाचता येतं का, हे नवरा सांगतो. सासूला येतं का, हे सून. आपल्याला वाचता येत नाही, ही गोष्टसुद्धा आपल्या वतीनं दुसऱ्याच कुणीतरी सरकारला कळवायची.

पतसंस्थेत कर्जाच्या कागदांवर अंगठे घेणं हे माझ्याच टेबलाचं काम होतं. बाईचा अंगठा शाईच्या पॅडवर धरायचा, कागदावर अलगद दाबायचा, शेजारी तिचं नाव आपण लिहायचं, ओळखणाऱ्याची सही घ्यायची. बाई उठून गेली की टेबलाच्या कडेला, खुर्चीच्या हातावर, दाराच्या कडीवर निळे ठसे उरायचे. पुसायला एक चिंधी ठेवलेली असायची. ती कुणी धुतल्याचं मला आठवत नाही. कागदात काय लिहिलंय ते कुणी विचारलं तर आम्ही सांगत असू, पण विचारणाऱ्या फार कमी. बरोबर नवरा नाहीतर मुलगा असायचा आणि त्यानं वाचलंय असं सगळे धरून चालायचे.

आता मी समन्वयक आहे. पद भारदस्त असलं तरी काम म्हणजे माण आणि खटाव तालुक्यांतल्या वर्गांवर जायचं, शिकवणारे स्वयंसेवक शोधायचे, ते टिकवायचे, पाट्या-पेन्सिली पोचवायच्या आणि महिनाअखेरीला अहवाल लिहायचा. साताऱ्याहून कोरेगाव, पुसेगाव, गोंदवले करत म्हसवडकडे जाणारा रस्ता माझा झालाय. पुसेगाव मागं पडलं की ऊस विरळ होत जातो आणि मेंढरं दिसायला लागतात. वर्ग भरतो रात्री, भाकऱ्या थापून, भांडी घासून झाल्यावर. कधी समाजमंदिरात, कधी देवळाच्या ओवरीत. कांद्याच्या लावणीत वर्ग ओस, बाजरीच्या सुगीत ओस, गावच्या यात्रेत तर विचारूच नका. ज्यांनी आमचं वर्षाचं वेळापत्रक केलंय त्यांनी एकदा दिवसभर भांगलायला जावं आणि मग रात्री साडेआठ वाजता डोळे उघडे ठेवून 'ल' काढून दाखवावा, असं माझं जाहीर मत आहे.

या बायका येतात कशाला? पाहुण्यांसमोर विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: "नातवंडांचा अभ्यास घ्याय." हे उत्तर पाहुण्यांना आवडतं, म्हणून ते तयार ठेवलेलं असतं. खरी कारणं पाट्या आवरताना कळतात. एका आक्कांना 'लाडकी बहीण'चे पैसे आले का ते मुलाच्या आधी कळायला हवं होतं. जुलै २०२४ पासून दरमहा १,५०० रुपये त्यांच्याच खात्यावर येतात, पण आल्याचा मेसेज मुलगा वाचतो, आणि त्यानं वाचेपर्यंत त्यातल्या पाचशेंना पाय फुटलेले असतात. दुसऱ्या एकीला दवाखान्याचा कागद वाचता यायला हवा होता. तो कागद घेऊन ती आशाताईकडे जाते, आशाताई अंगणातच वाचते आणि संध्याकाळपर्यंत वाडीला तिच्या पिशवीचं दुखणं ठाऊक होतं. तिसरीच्या मोबाइलमध्ये लेकीच्या नंबराला गुलाबाचं चित्र लावून दिलं होतं, भावाच्या नंबराला ट्रॅक्टरचं. मोबाइल बदलला आणि गुलाब-ट्रॅक्टर दोन्ही गेले. आता लेकीला फोन लावायचा तर जावेच्या पोराला हाक मारावी लागते, आणि ते पोरगं बोलणं संपेपर्यंत हलत नाही. चौथीचं कारण साधं: एसटीत बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून ती एकटी माहेरी जायला लागली आहे, पण फलाटावर गाडीची पाटी विचारली की लोक 'कुठं चाललाय, कशाला चाललाय' इथपर्यंत चौकशी करतात.

ही कारणं ऐकत गेले तसं मला या नोकरीत नक्की काय करायचंय ते कळायला लागलं. आमच्या कार्यालयात एक पोस्टर आहे. त्यात पणती आहे, उघडं पुस्तक आहे आणि अंधाराकडून उजेडाकडे वगैरे मजकूर आहे. मला ते पटत नाही. या बायका अंधारात नाहीत. कुणाची विहीर कधी आटली, कुणाच्या बांधाची मोजणी कधी झाली, शेळी कितीला घेतली नि कितीला दिली, यातलं त्यांना सगळं स्वच्छ दिसतं. त्यांचं दुखणं असं, की त्यांच्याबद्दलचं जे काही कागदावर लिहिलेलं आहे ते त्यांच्याआधी दुसऱ्याला कळतं. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाला खासगी असं काही ठेवता येत नाही. त्याचं दुखणं, त्याचा पैसा, त्याच्या नावावरची जमीन, सगळं दुसऱ्याच्या तोंडून त्याच्यापर्यंत येतं, आणि ते तोंड सांगेल तेवढंच येतं.

त्या पोस्टरशेजारी सावित्रीबाईंचा फोटो आहे, तो मात्र मला आवडतो. तीन जानेवारीला आपण त्यांना हार घालतो तो पहिली शिक्षिका म्हणून. माझं लक्ष त्याआधीच्या वर्षांकडे जातं. १८४० साली लग्न होऊन त्या फुल्यांच्या घरात आल्या तेव्हा त्यांना अक्षर येत नव्हतं. त्या शिकल्या त्या लग्नानंतर, सासरी, घरकाम सांभाळून. म्हणजे आमच्या वर्गात बसणाऱ्या बायकांच्या त्या आधी सोबतीण, मग शिक्षिका. १८५५ मध्ये फुल्यांनी कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, तिथेही दिवसभर राबून आलेलीच माणसं बसत असणार.

माझी आजी जावळीतली. आजोबा मुंबईत मशीद बंदरला माथाडी. साताऱ्या-पाटणच्या डोंगरातल्या कितीतरी घरांसारखं आमचं घर मनीऑर्डरीवर चाले आणि संसार आंतर्देशीय पत्रांवर. आजोबांचं पत्र आलं की आत्या ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायची. पुढे मीही वाचलीत. शेजारपाजार जमायचा. पत्रात काही नाजूक आलं की आत्या मध्येच थांबायची, 'पुढं तेच ते हाय' म्हणायची आणि घडी घालायची. आजी त्या घडीकडे बघत राहायची, असं आत्या अजून सांगते. त्याहून मला टोचतं ते उत्तराचं. उत्तर आजी सांगायची आणि आत्या लिहायची, पण शेजारी पणजी बसलेली असायची. सासूच्या कानावर पडेल असंच काहीतरी सांगायचं, तर काय सांगणार? 'इकडील सर्व खुशाल आहे. पाऊस बरा आहे. म्हैस व्याली.' ती पत्रं आजोबांनी जपून ठेवली होती. त्यांत सर्व जण कायम खुशालच आहेत, ज्या वर्षी आजीचं दोन वर्षांचं मूल गेलं त्या वर्षीसुद्धा.

सातारा जिल्ह्याला हा खटाटोप नवा नाही. प्रौढ साक्षरतेची 'ग्रामशिक्षण मोहीम' १९५९ मध्ये सुरू झाली ती इथूनच, आणि मग ती महाराष्ट्रभर गेली. अख्ख्या गावानं मिळून संकल्प सोडायचा, चौदा ते पन्नास वयाच्या सगळ्यांना काही महिन्यांत शिकवायचं, शिक्षकांनी आणि शिकलेल्या पोरांनी मोबदला न घेता शिकवायचं, आणि गाव साक्षर झालं की 'ग्रामगौरव समारंभ' करायचा. १९७२ मध्ये युनेस्कोनं तिची दखल घेतली. खटाव तालुक्यातल्या एका वर्गावर मला त्या काळच्या एक आजी भेटल्या. नव्या नवरी असताना त्यांचं गाव साक्षर झालं होतं. लेझीम, तोरणं, साहेबांची गाडी, सगळं त्यांनी सांगितलं. "आन् अक्षरं?" मी विचारलं. "ती गेली की गं." त्यांच्या घरात त्यानंतर वाचण्याजोगं आलं ते पंचांग, आणि ते खुंटीला, पुरुषांच्या हाताच्या उंचीवर. मोहिमेनंतर वाचायला काही मिळालं नाही आणि शिकलेलं पुसलं गेलं, असं त्या मोहिमेबद्दल अभ्यासकांनीही लिहून ठेवलंय. आजींनी ते एका वाक्यात संपवलं.

म्हणून आम्ही काय वाचायला देतो याला फार महत्त्व आहे. जुन्या पद्धतीत अ-अननसापासून सुरुवात. अननस माणच्या बाईला बाजारातसुद्धा क्वचित भेटतो. शिवाय पूर्ण वर्णमाला आणि मग बाराखडी होईपर्यंत तिला एकही धड शब्द वाचता येत नाही, आणि तोवर कांद्याची लावण येते. फलटणला डॉ. मॅक्सिन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्थेत मुलांना वाचायला शिकवण्यावर आयुष्यभर काम केलं. थोडी अक्षरं आणि एखादी मात्रा घ्यायची, त्यांतून लगेच शब्द करायचे आणि मग पुढच्या गटाकडे जायचं, ही रीत त्या कामातून आमच्या जिल्ह्यात बऱ्याच जणांच्या हाती आली. क, म, ल, र आणि काना एवढं घेतलं तरी काम, माल, कर, मार, कमला, रमा असं बरंच वाचता येतं. वर्गात एखादी कमला असतेच. तिनं पहिल्यांदा स्वतःचं नाव वाचलं की बाकीच्या आपापल्या नावाचं अक्षर कधी येणार म्हणून रांग लावतात, आणि ज्ञानेश्वरी नावाच्या बाईची समजूत घालता घालता आमच्या स्वयंसेविकेची पुरेवाट होते.

ऱ्हस्व वेलांटीवर तर दर वर्गात खटला उभा राहतो. "आधी काढायची आन् म्हनायची मागनं? मग आधी काढायचीच कशाला?" याला माझ्याकडे उत्तर नाही. लहान मुलं असं विचारत नाहीत, ती घेतात आणि पुढे जातात. चाळीस वर्षं घर चालवलेली बाई मात्र रीत बिनडोक वाटली तर तसं सांगते, आणि मला हे वर्ग शाळेपेक्षा आवडतात ते यामुळेच. सहीचंही तसंच. कित्येकींना सही येते पण वाचता येत नाही; बचत गटात कुणीतरी गिरवून घेतलेली असते. ती सही त्या रांगोळीसारखी काढतात, ठिपके मनात मोजत, आणि मध्ये कुणी बोललं तर पुन्हा पहिल्यापासून.

अंगठ्याचं राज्य संपलंय असं समजू नका, त्याची तऱ्हा बदलली आहे. रेशनच्या दुकानात मशीन आलं. शाईच्या पॅडला कुठलाही अंगठा चालायचा, मशीनला चालत नाही. वर्षानुवर्षं भांगलण, कडबा, राख-मातीनं भांडी यांत बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. "अंगठा लागंना," दुकानदार म्हणतो, बाई पदरानं बोट पुसते, पुन्हा दाबते, फुंकर घालते, पुन्हा दाबते. आयुष्यभर जिची सही म्हणून अंगठाच चालला, तिचा तोच अंगठा आता ओळखीचा राहिला नाही. मग मोबाइलवर आकडे येतात, ओटीपी. आणि त्याच्यासोबत ताकीद असते, की हा आकडा कुणालाही सांगू नका. वाचता येत नसेल तर ही ताकीद कळण्यासाठीच मोबाइल दुसऱ्याच्या हातात द्यावा लागतो. रांगेत उभं राहून एका काकूंनी आपला ओटीपी शेजारच्या पोराकडून मोठ्यानं वाचून घेतला, तेव्हा मागच्या चौघांनी तो दुकानदाराला ऐकवून त्यांना मदतच केली. त्या दिवशी काही बिघडलं नाही. पण फसवणुकीचे फोन याच काकूंना येतात आणि बँकेचं खातं याच मोबाइलला जोडलेलं असतं.

आकड्यांची गंमत वेगळी. हिशोबात या बायकांचा कुणी हात धरू शकत नाही. म्हसवडच्या माणदेशी बँकेची गोष्ट इथे सगळ्यांना माहीत आहे. चेतना सिन्हांनी बायकांची सहकारी बँक काढायचं ठरवलं तेव्हा प्रवर्तक बायका निरक्षर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज नाकारला. मग त्या बायका स्वतः तिथे गेल्या. आम्हाला लिहिता येत नाही पण मोजता येतं, कुठल्याही रकमेवरचं व्याज विचारा, आणि तुमच्या साहेबांनाही यंत्राशिवाय ते करायला सांगा, असं त्यांनी सांगितलं. परवाना मिळाला आणि १९९७ मध्ये बँक उभी राहिली. आमच्या वर्गातही शेकडा दोननं सात महिन्यांचं व्याज माझं मोबाइलवर होईपर्यंत त्यांचं बोटांच्या पेरांवर झालेलं असतं. तोच हिशोब पाटीवर आला की घसरतो. पंचवीस म्हणताना पाच आधी ऐकू येतो, म्हणून ५२. एकशे पाच म्हणजे आधी शंभर लिहायचे, मग पाच: १००५. चूक त्यांना लगेच कळते, कारण एवढे पैसे शेळीला मिळत नाहीत हे त्यांना ठाऊक असतं.

सरकारच्या 'उल्लास' या साक्षरता कार्यक्रमाची परीक्षा असते. पंधरा वर्षांवरचं कुणीही बसू शकतं. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना पन्नास-पन्नास गुण, प्रत्येकात किमान तेहतीस टक्के हवेत. परीक्षा चांगली आहे. नऊवारीतल्या बाया झेडपीच्या शाळेत लहान बाकांवर अवघडून बसलेल्या असतात आणि बाहेर नातवंडं 'आजी, कॉपी करू नको' म्हणून ओरडत असतात, हे बघायला मी हौसेनं जाते. अहवालात किती बसल्या, किती पास झाल्या एवढे रकाने असतात. मला त्यात आणखी एक रकाना हवा होता. एका आक्कांनी घरच्या हिशोबाची वही घातली आहे: दूध किती घातलं, दुकानात किती दिलं, कुणाला उसने किती. देणगीदारांसाठी त्या वहीच्या पानाचा फोटो मागितला, तर त्यांनी वही पिशवीत घातली. "माझा काढा की. वहीचा कशाला?" आमचे संचालक थोडे नाराज झाले, कारण अहवालासाठीचा चांगला फोटो हुकला. मी रकान्यात लिहिलं: वही दाखवण्यास नकार. ते त्यांनी खोडलं, मी पुढच्या महिन्यात पुन्हा लिहिलं.

सध्या आमच्यापुढे प्रश्न आहे तो इंग्रजी आकड्यांचा. वाचनपाठात १, २, ३ देवनागरीत. मोबाइलवर, मीटरवर, एटीएमवर सगळे इंग्रजी. कष्टानं शिकलेले आकडे ओटीपीच्या वेळी उपयोगाचे नाहीत, हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा बायका खऱ्याखुऱ्या चिडल्या. मग आमच्या एका स्वयंसेविकेनं नोटा काढल्या. नव्या नोटांवर तोच आकडा देवनागरीतही असतो आणि इंग्रजीतही. दहा, वीस, पन्नास, शंभर, दोनशे, पाचशे अशा ओळीनं मांडल्या, कुणाची कुठली ते कागदावर लिहून ठेवलं (वाद नकोत), आणि जोड्या लावायला सुरुवात झाली. शून्य झालं, एक झाला, दोन झाला, पाच झाला. तिथेच गाडी अडली. तिनाची, चाराची, सहापासून नवापर्यंतची एकही नोट सरकार छापत नाही.

"मग तुमी वर कळवा की," हिशोबाच्या वहीवाल्या आक्का म्हणाल्या. "सातशेची काढा म्हणावं. शेळीला बरी पडंल."